न खणलेली विहीर

खुनाची कादंबरी लिहिणाऱ्या बाईला तुम्ही कधी तुमच्या गावात माईक दिला आहे का?

वारंगा फाट्यावर एसटीची वाट पाहत बसलेली ती बाई मला एकदाच भेटली. मांडीवर स्वखर्चाने छापलेल्या कादंबरीचा गठ्ठा होता. बोलताना ती तळहाताने पुस्तकांच्या कडा सारख्या करायची. प्रकाशनासाठी ठरलेलं सभागृह तिला त्याच सकाळी नाकारलं होतं.

"गोष्ट कशावर आहे, ताई?" मी विचारलं.

"कागदावरच खणलेल्या विहिरीवर. ती मोजायला आलेल्या साहेबाचा खून होतो."

चहावाला हसला. "बाईमाणसानं खून काहून लिहावा, मावशी?"

"तुमी करून राहिले, मी लिहून राहिले." मग ती माझ्याकडे वळली. "विहीर मी मनानंच रचली, भाऊ. पण तीन गावचे सरपंच भांडायला आले. म्हणे, आमच्या विहिरीवर काहून लिहिलं? त्यांनीच सभागृह बंद करवलं."

मी हसलो आणि लगेच शरमलो. अशाच कागदावरच्या कामांविरुद्ध मी गावोगाव वाटलेल्या एकाही पत्रकाला इतकी झटपट कबुली मिळाली नव्हती. कबुली त्यांनी दिली आणि शिक्षा मात्र तिला झाली.

तुमच्या गावात वाचनालय असेल, तर त्याची किल्ली एका दुपारपुरती तिच्या हाती द्या.