काळ्या हंसातली दूधखोली

मी गावचा सुतार. गाड्या, दारं, शवपेट्या, सगळं माझ्याच हातचं, म्हणून 'काळा हंस' या आमच्या सराईची हाडं मला ठाऊक आहेत. पुढची विटांची भिंत घोडागाड्यांच्या काळात चढवलेली, नुसता दिखावा. तिच्यामागे खरं घर: ओकचा सांगाडा, कुडाच्या भिंती, तीनशे वर्षांत नदीकडे हातभर कललेलं. उत्तरेला दगडी फरशीची दूधखोली, भर उन्हाळ्यात अंगावर काटा आणणारी. नदीत बुडालेल्यांना तिथेच ठेवत. कोरोनरची, म्हणजे अशा मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशीही माडीवरच्या लांब दालनात भरे. बारा पंच बसतील अशी खोली गावात दुसरी नव्हती.

हे सगळं केझाया प्रॉसर सांभाळायची. नवरा लवकर गेलेला. धाकटा भाऊ जोब नदीवर होडी चालवायचा आणि प्रेतं गळाने ओढून तोच आणायचा. ती त्यांना धुवायची, केस विंचरायची.

"ताई, तुझे हे पाहुणे बिअर पीत नाहीत, एवढाच काय तो तोटा," जोब म्हणायचा.

मग लोखंडी पूल झाला. होडीत कुणी बसेना. जोब दिवसभर घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "पुलाला नीट बघून घेतोय."

मार्चमधल्या एका सकाळी तो त्याच पायऱ्यांशी, कमरेएवढ्या पाण्यात, पालथा सापडला. मी आणि गवळ्याने त्याला उचललं. किडकिडीत माणूस, पण कोट उचलवेना. खिशांत धोंडे होते. ते माझ्या हाताला लागले. गवळ्याने पाय धरले होते, त्याला कळलं नाही.

दूधखोलीत केझाया म्हणाली, "जा आता तुम्ही. मी धुते त्याला."

"हवालदार येईपर्यंत हात लावायचा नसतो, बाई," मी म्हटलं.

"तीस वर्षं हात मीच लावतेय, सायलस."

मी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. पंचांत मीही होतो. आधी आम्हाला प्रेत दाखवलं. जोब स्वच्छ, भांग पाडलेला. कोट खुंटीवर सपाट लोंबत होता, एक खिसा उसवलेला. माडीवर केझायाने बायबलवर हात ठेवला.

"खिशांत काय होतं?" कोरोनरसाहेबांनी विचारलं.

"चिलीम, चाकू, सुतळी."

"आणखी काही?"

"नाही, साहेब."

पंचांचा म्होरक्या गावचा पाववाला होता. तो म्हणाला, "पायऱ्यांवर शेवाळ आहे, साहेब. मीसुद्धा एकदा घसरलोय."

"तू प्यायलेला होतास," कुणीतरी पुटपुटलं. दोघे-तिघे हसले. मी टेबलाचा सांधा बघत बसलो. अपघाती मृत्यू, असा निकाल लिहिला गेला. त्याने जीव दिला असं ठरलं असतं, तर पाद्रीबाबांनी त्याच्यावर प्रार्थना म्हटली नसती.

दफनाच्या दिवशी केझाया चर्चच्या फाटकाशीच थांबली.

"आत चला, बाई."

"नको. त्याला जाऊ दे आत. बायबलवर हात ठेवून खोटं बोललेय मी."

"मला माहीत होतं. मीही गप्प बसलो. पंच म्हणून शपथ मीही घेतली होती."

"मग तुझं तू बघ," ती म्हणाली.

त्याच महिन्यात तिने माझ्याकडून दूधखोलीचं दार फळ्या ठोकून बंद करून घेतलं. पुढचं प्रेत आलं तेव्हा हवालदार तिच्याशी तासभर भांडला. ती हलली नाही. शेवटी ते प्रेत, कुणा अनोळखी बाईचं, माझ्या कारखान्यात, भुशावर ठेवलं. तिचे केस कुणी विंचरले नाहीत. मला ते जमलं नाही. तेव्हापासून सगळी प्रेतं माझ्याकडेच येतात.

केझाया पुढे अकरा वर्षं जगली. चर्चची पायरी चढली नाही. गिऱ्हाईक कमी होत गेलं, माडीला गळती लागली. एका दुपारी ती खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. तिची पेटी मी एल्मच्या लाकडाची केली, कडा दोनदा घासल्या.

दफन झाल्यावर पाद्रीबाबांनी मला बाजूला घेतलं. "प्रॉसरबाई देवावर एवढ्या कशाने रुसल्या होत्या, सायलस?"

"ठाऊक नाही, बाबा," मी म्हटलं.