शब्द कधीपासून?

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही — ह्यांना नाही, आणि आता भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोलाही नाही. नातवंडांना ‘खोटं बोलू नका’ म्हणून दटावते ती मी, ही अशी आजी. तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसून घ्या, पुढे येणार नाही.

ह्यांची कोलकात्याला बदली झाली तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि नुकती गाडी शिकले होते. काय तो तोरा! ह्यांनी जुनी जीप घेतली, डमडमच्या निमाईदांकडून चार इंच उंच करून घेतली. निमाईदा म्हणजे साठीचे मिस्त्री, नुसत्या कानाने गाडीचं दुखणं ओळखणारे. ह्यांनी मला एकच बजावलं होतं — फोर-व्हील फक्त चिखलात. कोरड्या डांबरावर लावून वळवलीस, तर चाकं एकमेकांशी भांडतात आणि मार खालच्या शाफ्टला बसतो.

हे पुण्याला गेले. मी महाराष्ट्र मंडळातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन न्यू टाउनला. रस्ता रुंद, कोरडा ठणठणीत. आणि मी — राणीसाहेब! — फोर-व्हीलचा दांडा ओढला, गरकन गाडी वळवली. जीप अडखळली. खालून कडाक्!

“अगं, काय झालं गं?”

“उंच गाड्या बोलतात,” मी म्हटलं.

बोलतच राहिली. गियर टाकला की टक्. ह्यांनी येताच ऐकलं, आणि आम्ही डमडमला.

निमाईदा गाडीखाली सरपटले. शाफ्टच्या टोकाचा सांधा — क्रॉस म्हणतात त्याला — खिळखिळा झाला होता. पण कशाने? गाडी उंच करताना शाफ्टचा कोन चुकला असेल, तर आवाज पहिल्या दिवसापासून हवा. नाहीतर कुणीतरी नंतर मार दिलेला. सगळं एका उत्तरावर होतं. त्यांनी मलाच विचारलं, “बौदी, शब्दटा कबे थेके?”

बंगालीत वहिनीला बौदी म्हणतात आणि आवाजाला शब्द; आवाज कधीपासून, असं विचारत होते. एवढं मला कळत होतं. ह्यांना बंगाली येत नव्हतं; हे माझ्या तोंडाकडे बघत होते — आणि मी कुणाला घाबरले? ह्यांना? की हसं होईल, याला?

“तुम्ही उंच केलीत तेव्हापासून.” आधी बंगालीत सांगितलं. मग ह्यांना मराठीत. दोनदा.

निमाईदांनी पुन्हा शाफ्टला हात लावला. त्यांचा कान वेगळं सांगत होता, मला दिसत होतं. तरी म्हणाले, “मग माझीच चूक, बौदी.” ह्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर हिंदीत त्यांना वाट्टेल ते सुनावलं. मी पर्सची चेन लावत-उघडत बसले.

त्यांनी जीप पुन्हा खाली उतरवून दिली. त्यानंतर कुणाचीच गाडी उंच केली नाही. काही महिन्यांनी मी एकटीच गेले होते, तेव्हा म्हणाले, कानावर भरवसा राहिला नाही. सांगायला तेव्हा तरी कोण आड येत होतं?

त्यांनी चहा मागवला. विचारलं, साखर ठीक आहे ना?

हो म्हटलं. त्यांच्याशी तेवढं एक खरं बोलले.