मास्टरचं काज

"घाई असन त नागपूरले जा."

दुकानाच्या पायरीवर उभं राहून कुणी "मास्टर, कपडे झाले का?" असं विचारलं, की मान वर न करता हे उत्तर मिळायचं. मास्टरच्या मते जगातली सगळी घाई नागपुरात राहायला होती. ते स्वतः तिथं एकदाच गेले होते आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आले होते.

गावाचं नाव सांगत नाही. पुसदच्या बाजूचं, आठवडी बाजाराचं, कापसातली सरकी काढायच्या एका जिनाचं गाव होतं, एवढं पुरे. पुढे ज्या दोन जीवांचं सांगायचं आहे, त्यांची घरं तिथं अजून नांदती आहेत. मी तिथल्या शाळेत मास्तरीण होते. आमचा मुलूख नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, पण वर्गातला नकाशा जुनाच होता. त्यामुळे राजधानी शिकवताना मी छडी नागपूरवर ठेवायची आणि तोंडाने मुंबई म्हणायची. इन्स्पेक्टरसाहेबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मास्टरचं शिवणाचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. त्यांच्या मशीनच्या आवाजावर आमच्या आईचा स्वयंपाक चालायचा. पन्नाशी उलटलेला, किरकोळ अंगाचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. घरात हिंदुस्थानी बोलत, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि मशीन अडली की तिच्याशी उर्दूत. फार अदबीने समजूत घालत तिची.

त्यांचं नाव झालं होतं ते काजासाठी. बटणाचं घर म्हणजे काज, हे तुम्हाला सांगायला नको. पण हाताने केलेलं चांगलं काज तुमच्यापैकी किती जणांनी नीट पाहिलं असेल, मला शंका आहे. टाका टाक्याला चिकटून, दोरा कुठे फुगलेला नाही, कडेला बारीकशी गाठ. मास्टर गिऱ्हाइकाचं बटण स्वतः अंगठ्याने काजात सारत आणि म्हणत, "सदरा कोनीबी शिवते. काज पाहा." उमरखेडकडची माणसं लग्नाचे कपडे शिवायला यायची ती या काजांसाठी. "हातचं हाय," मास्टर म्हणायचे आणि दाढीवरून हात फिरवायचे.

शाळेतल्या मुलींना काज शिकवा म्हणून मी एकदा त्यांच्या मागे लागले होते. "ते हातात असते, बाई. दाखवता येत नाई," म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. मला वाटलं, कसला हा तोरा! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग ते घडलं.

जिनाच्या मागे कापूस ठेवायचा एक जुना कोठा होता. एका सकाळी तिथं दोन प्रेतं सापडली. एक जिनातल्या कारकुनाचं, लेकरंबाळं असलेला माणूस. दुसरं आमच्या मागच्या गल्लीतल्या एका तरुण विधवेचं. दिराच्या घरात राहायची, खाली मान घालून पाण्याला जायची. डावखुरी होती. डाव्या हाताने वाढलं म्हणून जेवणाच्या पंगतीत तिला बोल लावलेले मी ऐकले होते. दोघांनाही कुऱ्हाडीने मारलं होतं. त्या दोघांचं काही आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आणि सापडल्यावर मात्र प्रत्येकाला ते आधीपासून माहीत होतं.

कुणी मारलं? त्याच्या बायकोच्या भावांवर बोट दाखवलं गेलं, तिच्या दिरावर दाखवलं गेलं. ते सगळे त्या दिवशी बाहेरगावी होते आणि त्यांच्याकडे साक्षीदार होते. नव्हता साक्षीदार तो माझ्या धाकट्या भावाकडे.

माझा भाऊ त्याच जिनात फिटर होता. बावीस वर्षांचा, तोंडाचा फटकळ. दोन दिवस आधी हजेरीवरून त्याचं त्या कारकुनाशी भांडण झालं होतं आणि "तुले पाहून घेईन" असं तो चारचौघांत बोलून बसला होता. तेवढ्यावर काही झालं नसतं. पण मेलेल्या बाईच्या मुठीत कपड्याचा एक तुकडा सापडला, निळ्या पट्ट्यापट्ट्यांचा, एक काज असलेला. आणि भावाचा निळ्या पट्ट्यांचा सदरा नेमका छातीवर फाटलेला होता, एका काजासकट. मशीनच्या पट्ट्यात अडकून फाटला होता, आईने तिथं ठिगळ लावलं होतं. ते कापड बाजारातून अर्ध्या गावाने घेतलं होतं, हे आम्ही सांगत होतो. ऐकत कुणी नव्हतं. सदऱ्यात पाच काजं उरली होती, सहावं मेलेल्या बाईच्या मुठीत होतं, असा सरळ हिशेब. भावाला धरून नेलं. पुढे फाशी होणार की जन्मठेप, एवढीच चर्चा राहिली. आई भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि तव्याकडे बघत बसायची.

सदरा मास्टरनी शिवला होता. तुकडाही त्याच सदऱ्याचा, असं कोर्टात सांगायला पोलिसांनी त्यांनाच साक्षीदार केलं. तारखेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते आणि पायरीवर सगळं विसरले. मास्टर मशीन चालवत राहिले. चालवता चालवताच म्हणाले, "पोट्ट्याले भाकर पोचते का बाई तिकडे?" मी हो म्हटलं. त्यांनी दुसरी बाही मशीनखाली सरकवली. मी रडत घरी आले आणि आईला म्हटलं, हा माणूस आपल्याला बुडवणार.

कोर्टात गाव लोटलं होतं. टेबलावर तीन वस्तू मांडल्या होत्या : भावाचा सदरा, तो तुकडा, आणि मेलेल्या कारकुनाच्या अंगातला सदरा. मास्टरनी आधी तो तिसरा सदरा पाहिला. त्याच्या काजांवरून बोट फिरवलं. त्याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. मला वाटलं, सवयीने केलं.

"हा सदरा तुमच्या हातचा?" सरकारी वकिलांनी भावाचा सदरा दाखवून विचारलं.

"होय साहेब. म्याच शिवला."

"आणि हा तुकडा याच सदऱ्याचा?"

मास्टरनी सदरा उलटा केला, तुकडा उलटा करून शेजारी ठेवला. "साहेब, मांगून पाहा. या सदऱ्याचे पाची काज डाव्या हातानं केलेले हायत. टाका उलट्या अंगानं पडला हाय, गाठ दुसऱ्या कोपऱ्याले हाय. तुकड्याचं काज उजव्या हाताचं हाय. एका सदऱ्याले दोन मानसं काज करत नाईत."

वकील हसले. "तुम्ही कोणत्या हाताने शिवता?"

"उजव्या."

"मग ही डावी काजं आली कुठून?"

मास्टर जरा थांबले. मी तुम्हाला सांगते, तो थांबलेला क्षण मला आजही दिसतो. नाव, धंदा, गावातली पत, सगळं त्यांच्या हातात होतं, आणि "माहीत नाही" म्हटलं असतं तरी कुणी त्यांना काही म्हटलं नसतं.

"मेली त्या बाईचे हायत," ते म्हणाले. "चार साल झाले, माह्या डोळ्यानं बारीक दिसत नाई. माह्या दुकानातलं एकबी काज माह्या हातचं नाई. सारे तिचे हायत."

कोर्टात जो गलबला उठला तो मिटायला वेळ लागला. विधवेने मुसलमान शिंप्याचं काम करावं, हे तिच्या दिराला खपलं नसतं. म्हणून मास्टरच्या बायकोच्या भाजीच्या टोपलीतून सदरे तिच्याकडे जायचे आणि काजं होऊन परत यायचे. ज्या काजांवर मास्टर दाढी कुरवाळत होते, ती काजं तिची होती. आणि आता, ती मेल्यावर, तिच्याशी आपली चोरून देवघेव होती, असं हा माणूस शपथेवर सांगत होता. त्याचा अर्थ गाव काय लावणार हे कळायला कुणाला वकील लागत नव्हता.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सांगितलं, इथं एक काज करून दाखवा. मास्टरनी टोपीत खोचलेली सुई काढली. दोरा एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर वकील म्हणाले, "लवकर करा." आणि मास्टरच्या तोंडून सवयीने गेलं, "घाई असन त नागपूरले जा." नागपुरात हायकोर्ट. मॅजिस्ट्रेटसाहेबांनासुद्धा हसू आवरेना.

पण नंतर जे लोक हसले ते वेगळ्या कारणाने. मास्टरनी केलेलं काज वेडंवाकडं झालं होतं. कापड चुरगळलं होतं, टाके कुठे दाट, कुठे विरळ. माझ्या चौथीच्या मुलींनी याहून बरं केलं असतं. आख्ख्या तालुक्यात काजासाठी नावाजलेल्या माणसाने भर कोर्टात ते काज टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतले. मी त्या गर्दीत हात जोडून उभी होते, हे मला मागाहून शेजारणीने सांगितलं.

दुकानातून आणखी सात-आठ सदरे मागवले गेले. सगळ्यांवर तीच डाव्या हाताची काजं. तुकडा भावाच्या सदऱ्याचा नव्हे हे सिद्ध झालं आणि दुसरा पुरावा नव्हताच. भाऊ सुटला.

मुठीतलं ते काज कुणाच्या सदऱ्याचं, हे मात्र कधीच कळलं नाही. पोलिसांनी आसपासच्या बाजारांतले शिंपी पालथे घातले. मास्टरलाही चार-पाच दिवस चौकीवर बसवून ठेवलं, नाना प्रश्न विचारले. शेवटी कागद बांधले गेले. त्या दोघांना कुणी मारलं ते ठाऊक असलेला माणूस गावातच म्हातारा झाला असेल. मला विचारू नका. मी तर्क करायचे सोडून दिले आहेत.

मास्टरचं दुकान बसलं. काही म्हणाले, याने फसवलं. काही त्याहून वाईट बोलले. उमरखेडची लग्नं दुसरीकडे गेली. मशीनचा आवाज नाही म्हणून आमच्या आईची भाजी करपू लागली.

मग मी एक वेडेपणा केला. एका दुपारी शाळेतून थेट त्यांच्या पायरीवर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून, आणि म्हटलं, "मास्टर, काजं मी करते. द्या सदरा." ते नको नको म्हणाले. मी उठले नाही. उपकार फेडायचा दुसरा कोणता मार्ग मला येत होता? चोरून तर मुळीच करायचं नव्हतं. बाईंना वेड लागलं असं गाव म्हणालं, हेडमास्तरांनी समज दिली, आईने मात्र चहा करून पायरीवर आणून दिला. माझी काजं मास्टर उजेडात धरून डोळे बारीक करून बघत आणि न चुकता म्हणत, "उसवा, बाई." पहिला महिना मी करण्यापेक्षा उसवलंच जास्त. पण हळूहळू दोन-चार गिऱ्हाइकं परत आली. दोन वर्षं आमचं असं चाललं. त्या पायरीवर मी जेवढी सुखात बसले तेवढी फार थोड्या ठिकाणी बसले आहे.

पुढे त्यांच्या डोळ्यांनी पुरतीच साथ सोडली. पैनगंगेपलीकडे, किनवटला त्यांची मुलगी होती, तिने बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी बायको बोचकी बांधत होती, माझा भाऊ मशीन उचलून एसटीच्या टपावर चढवायला घेऊन गेला होता. दुकानात आम्ही दोघंच होतो. कोर्टापासून मनात होतं ते मी विचारलं.

"मास्टर, तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असतात तर तुमचं काही गेलं नसतं. काहून बोललात?"

ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "त्या कारकुनाचा सदरा पायला व्हता का बाई तुमी? टेबलावर?"

"पाहिला होता."

"सारे काज रेशमाचे व्हते. म्या रेशीम देल्लं नव्हतं. तिनं आपलं आणून केलते. मरायच्या दोन महिने पयले तो सदरा माह्या हातात आला, अन् मले समजलं. कोनाले नाई समजलं, मले समजलं. म्हटलं, सांगू का तिले, बेटी, जपून राय, ज्याले दिसन त्याले समजन. मंग म्हटलं, आपन शिंपी. आपल्याले काय करायचं." त्यांनी डोळे पुसले, पाणी डोळ्यांच्या दुखण्याचं होतं की कसलं, मी विचारलं नाही. "चूप राह्यलो. दोन मानसं गेली. तिसऱ्याच्या खेपेले कसा चूप राहू?"

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मास्टरना हात धरून मी गाडीपर्यंत नेलं. टपावर दोर आवळत एक धडधाकट तरुण उभा होता, घामाघूम, कंडक्टरशी वाद घालत. मशीनला धक्का लागता कामा नये म्हणून त्याला दम देत होता.

मास्टरना तो दिसत नव्हता. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वर केली आणि गाडी सुटेपर्यंत तशीच ठेवली.