देवपुरातला समुद्र

गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी धुळ्याच्या देवपुरातली वीज गेली आणि माझ्या साडूंनी घराच्या मागच्या खोलीचे दार शेजाऱ्यांसाठी उघडले. यातले वीज जाणे नवलाचे नव्हते.

साडूंइतका संशयी माणूस पांझरेच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. ते टरबूज आतून लाल आहे याची खात्री खाऊन झाल्यावरही करतात. खरा समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, तोही घोट्याच्या वर पाणी येऊ न देता; खाली काय आहे ते दिसत नाही, हे कारण. अशा माणसाने मागच्या खोलीत काचेच्या टाकीत मिठाचा समुद्र केला आणि त्यात बोटभर लांबीचा एक दुर्मीळ मासा पाळला. हा मासा खोल समुद्रातल्या प्रवाळात, जेमतेम उजेडात राहतो. म्हणून खोलीत अंधार, खिडकी कायम बंद, पाणी गार ठेवायला वेगळे यंत्र, आणि पाहुण्याला अत्तर लावून प्रवेश नाही. टाकीतला पंप बाहेरची हवा ओढतो, तेव्हा मिरचीचा खकाणा पाण्यात उतरेल म्हणून घरात फोडणी बंद झाली. मग त्यांनी भिंतीपलीकडच्या अक्कांनाही मसाला भाजायला मनाई केली. अक्कांनी वर्षभर ऐकले, पण गल्लीत सांगितले की टाकीत मासाबिसा काही नाही. मलाही तेच वाटे. मी जळगावहून अनेकदा गेलो. दरवेळी दिसली ती टाकीतल्या खडकाची कपार.

त्या दुपारी इन्व्हर्टरवर पंप चालला, गार करणारे यंत्र चालले नाही. पाणी तापू लागले तसा मासा कपारीतून बाहेर आला आणि एका अंगावर कलला. लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा. तो मी प्रथमच पाहिला. मेव्हणीने गल्लीत हाक दिली. ज्यांच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या गोठलेल्या बाटल्या होत्या ते घेऊन आले. साडू प्रत्येक बाटलीचे झाकण तपासत, बाहेरून धूत आणि टाकीत तरंगत सोडत. शेवटी अक्का आपली बाटली घेऊन आल्या. त्यांनी काचेला नाक लावले.

"हाऊ एवढासाच शे का? येन्हासाठे बठ्ठी गल्ली फोडणीबिगर जेवस?"

सगळ्या गल्लीच्या फोडणीचा हिशेब करायला तेव्हा वेळ नव्हता. आधीच्या बाटल्या वितळल्या होत्या. साडूंनी अक्कांची बाटली हातात घेऊन हुंगली. तिला मसाल्याचा वास होता. त्यांनी एकदा बाटलीकडे, एकदा अक्कांकडे पाहिले आणि ते म्हणाले, "अक्का, तुम्ही रागावलेल्या आहात."

"शे ना," अक्का म्हणाल्या.

मासा तळाला टेकला होता. मेव्हणी नवऱ्याला हळूच म्हणाली, "संशयाने पाणी गार होत नाही. सोडा ती."

साडूंनी बाटली दोनदा धुतली आणि सोडली. बऱ्याच वेळाने मासा सरळ झाला, सावकाश कपारीत शिरला. दिवेलागणीला वीज आली. अक्का तोवर पायरीवर बसून होत्या. साडूंनी त्यांना स्वतः चहा नेऊन दिला.

सकाळी मी जळगावला निघालो तेव्हा मासा बाहेर आलेला नव्हता. कपारीपाशी ठेवलेला झिंग्याचा तुकडा मात्र नाहीसा झाला होता. शेजारून मिरची भाजल्याचा वास येत होता आणि मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. अक्कांची बाटली टाकीत तशीच तरंगत होती.