खाडी कुठं जात न्हाय

जवळ ये, पोरी. फोनवर एवढंच लिहायचं, 'आत्या, दादाचं नाव तूच सांगितलंस ना?' आणि मग महिनाभर गप्प? अशी वागते का गो भाची? बस, सांगते.

ते मोबाईलवरचं नाणं आलं तेव्हा अंजुरात, माझ्या माहेरी, लोकांच्या हाती पैसा होता. शेतं गोदामांखाली गेली होती ना, तो पैसा सगळ्यांनी त्या नाण्यात घातला. नाणं काढलं कोणी, कोणालाच ठाऊक नव्हतं. ग्रुपवर काढणाऱ्याचा नुसता आवाज यायचा, मशिनीतून बदललेला, बोलणं छापील. कोणी म्हणे दुबईचा आहे. आम्ही बायका त्याला बिनतोंड्या म्हणायचो आणि हसायचो.

मग भाव पडला, पैसे काढता येईनात. मी इथे सासरी, शेलार गावात, कोलंबी सोलत बसले होते. सुनेच्या मोबाईलवर तोच आवाज आला, "घाबरू नका. भरती गेली तरी खाडी कुठं जात न्हाय."

कोलंबी हातातच राहिली. हे तुझ्या आजीचं बोलणं. जाळं रिकामं आलं की ती म्हणायची. दुसऱ्या कोणाच्या तोंडी मी ते कधी ऐकलं नाही. तिच्या मांडीवर वाढलात तुम्ही दोघं. आणि तुला तर अजून मोबाईलवरून वीजबिल भरता येत नाही.

लोकांना तोंड हवं होतं. सापडलं ते कामतघरच्या मोबाईल दुकानदाराचं, कारण सगळ्यांना ॲप टाकून द्यायचा तोच. इतका मारला की एक डोळा गेला. भेटायला गेले तर पट्टीखालून म्हणाला, "काकी, मैंने तो सिर्फ ॲप डालके दिया था." दवाखान्यातून सुटू दे, मग उरलेलं बघू, असं पोरं नाक्यावर उघड बोलत होती.

मी तुझ्या दादाकडे गेले. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, मालक दिसत नाही तोवरच लोक नाण्याला आपलं मानतात, तोंड दिसलं की संपलं. मी म्हटलं, देवाचं तोंड दिसावं म्हणून दगडालासुद्धा आपण चांदीचे डोळे लावतो रे.

तुझी आई दारात आडवी उभी राहिली. "वन्सं, तुम्ही आत्या की पोलीस? लोक जीव घेतील त्याचा."

खरंच होतं तिचं. म्हणून म्हटलं, आपण दोघं चौकीवर जाऊ, तिथे कोणी हात लावणार नाही. तो मोबाईलकडे बघत बोलला, "तो दुकानदार परका माणूस, आत्या. जाईल आपल्या गावाला."

मग मी एकटी गेले. साहेबांना आजीचं बोलणं सांगितलं, तर ते हसले. तुझ्या दादाचा मोबाईल उघडला तेव्हा नाही हसले.

आता तो आत आहे. लोकांनी घराच्या काचा फोडल्या, तुझी आई तिच्या माहेरी गेली, माझ्या माहेराला कुलूप. दुकानदाराचा डोळा आला नाही, कोणाचा पैसाही नाही. तू म्हणतेस मी घर बुडवलं. असेल. पण त्या दुकानदाराला मारायला पुन्हा कोणी गेलं नाही.

आजीचं ते बोलणं हल्ली माझ्या तोंडून निघत नाही. तू अशीच येत जा, पोरी. भांडायला ये, पण ये.