उतरायचं नाही

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा माझे शेजारी तिथं सुपरवायझर होते. फटफटी उतरून वळवणं त्यांना कमीपणाचं वाटे. "उजवीकडे वळायचं तर आधी हँडल जरासं डावीकडे द्यायचं, मग गाडी आपसूक उजवीकडे कलते," हे ते मागं बसलेल्या मला दर वळणावर ओरडून सांगत. माझे कान किटले होते.

सातपाटीच्या बोळात त्यांनी तसंच वळण घेतलं. मी घाबरून पाय टेकला आणि आम्ही वाळत घातलेल्या बोंबलांवर कोसळलो.

"मेल्या, उतरून वळव नं! तुला पाय नाय काय?" कोळीण कडाडली.

गुडघ्यातून रक्त येत असतानाच त्यांनी एकेक बोंबील धुऊन पुन्हा बांबूवर टांगला. मग फटफटी परत बोळाच्या तोंडाशी नेली.

"बसा. आता पाय वर ठेवा."

मी चरफडत बसलो.