बाभळीची सावली आणि मला मिळालेला शब्द

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक शब्द वाटून दिला. शब्द कुठून आला, त्याचा अर्थ कसकसा बदलला हे शोधायचं, आपल्याकडचं एखादं उदाहरण जोडायचं आणि जूनमध्ये वर्गासमोर उभं राहून सांगायचं. माझ्या शेजारच्याला खिडकीचा शब्द मिळाला. मला मिळाला 'कॅश'. रोख पैशाचा नव्हे. उच्चार तसाच, पण स्पेलिंग वेगळं आणि अर्थही अगदी वेगळा: लपवून ठेवलेला साठा. हा शब्द मी तोवर कुठे वाचलासुद्धा नव्हता. माझा चेहरा बघून प्राध्यापक म्हणाले, "शोधा, म्हणजे सापडेल."

त्या सुट्टीत हे वाक्य मला इतक्या वेळा आठवलं, आणि दर वेळी त्याचा इतका राग आला, की आजही कुणी सहज तसं म्हणालं तर मी दुसरीकडे बघतो.

शब्दाचं काम तसं सोपं निघालं. कॉलेजच्या वाचनालयात एक जाडजूड कोश होता. तो बाहेर नेऊ देत नसत, म्हणून सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी उभ्याउभ्याच तो वाचला आणि पाठ केला. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड मुलखात कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच शिकारी परतीच्या वाटेसाठी लागणारं अन्न जमिनीत खड्डा करून त्यात ठेवत आणि वर माती टाकून खूण पुसून टाकत. त्या खड्ड्याला ते कॅश म्हणत. इंग्रजांनी तो शब्द घेतला. आधी तो खड्ड्याचं नाव होता, मग खड्ड्यातल्या मालाचं झाला, मग लपवण्याच्या क्रियेचंही. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ लपवणे. पण त्याच्याही मागे लॅटिनपर्यंत गेलं तर अर्थ निघतो दाबणे, चेपणे. लाखेवर दाबून उमटवलेल्या मोहरेचा शब्दही त्याच घरातला. म्हणजे आधी दाबणं, आणि दाबता दाबता लपवणं. आपणही 'त्याने बरंच दाबून ठेवलंय' असं म्हणतोच. हे माझं मला सुचलं होतं, त्यामुळे मी जरा खुशीतच गावी निघालो.

आमचं गाव पलूसकडचं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सांगलीला ज्या बोर्डिंगात मी राहत होतो तिथे आमच्यासारख्या मुलांकडून पैसे घेत नसत, धान्य घेत. सत्र सुरू होताना दोन पोती ज्वारी आणून घालायची, की वर्षभराच्या भाकरीची सोय झाली. ज्वारी नाही तर बोर्डिंग नाही, आणि बोर्डिंग नाही तर कॉलेज नाही, इतकं ते सरळ होतं.

घरी पोचलो आणि जेवताना आईला सहज विचारलं, "आई, माझी पोती भरून ठेवलीत का?"

आईने आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, बघितलं. आबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"इचार की त्येनला," आई म्हणाली. "मला कोन सांगतंय या घरात?"

झालं होतं असं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते आणि सरकार लेव्ही घेत होतं. शेतात किती पिकलं असेल याचा अंदाज साहेबाने बांधायचा आणि तेवढं धान्य शेतकऱ्याने सरकारला घालायचं. त्या साली आमचा शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, निम्मा काणीच्या रोगाने गेला होता, पण अंदाज पुऱ्या रानाचा धरला होता. तेवढं घातलं असतं तर घरात चुलीपुरतंही उरलं नसतं. म्हणून आबांनी थोडी ज्वारी बाजूला काढून पेवात घातली. पेव म्हणजे जमिनीत खणलेला मोठ्या रांजणासारखा खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. आतून उसाचं पाचट लावायचं, धान्य भरायचं, तोंडावर फरशी ठेवून माती लोटायची आणि पायाने तुडवून दाबायची. गावातल्या घरांपुढची पेवं लेव्हीवाल्यांना ठाऊक झाली होती. ते लोखंडी सळया घेऊन यायचे आणि जमिनीत खुपसून बघायचे. म्हणून आबांनी नवं पेव खणलं ते मळ्याच्या वरच्या अंगाला, मुरमाड पट्टीत. गाव जेवून आडवं झालेलं असतं अशा भर दुपारी, एकट्याने, कुणालाही न सांगता.

खुणेचा दगड ठेवायचा नाही, कारण लेव्हीवाले दगडच हुडकतात. म्हणून आबांनी खूण धरली ती बांधावरच्या बाभळीच्या सावलीची. दुपारी सावलीचा शेंडा जिथे पडतो तिथे पेवाचं तोंड. दोन-चार आठवड्यांत लेव्हीवाले गेले की काढून घेऊ, असा हिशेब. पण त्यांचा तळ गावात पडला तो हललाच नाही. मधे एका धनगराचा कळप त्या पट्टीत बसला आणि त्याने सगळी जमीन एकसारखी तुडवून टाकली. आणि आता ज्येष्ठ लागला होता.

"मग अडचण काय आहे? सावली आहेच की," मी म्हणालो.

"सावली हाय," आबा म्हणाले. "पेव न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खणायला लागलो. आबा दुपारी बाभळीखाली जाऊन उभे राहायचे, बोट दाखवायचे, मी पहार घालायचो. बोट दर वेळी ठाम असायचं. "हितं. आता हितंच." तिथे मुरूम निघायचा. मग आबा मान तिरकी करून बाभळीकडे असे बघायचे की जणू तीच सरकली असावी. मी विचारायचो, "आबा, नक्की आठवतंय का?" ते म्हणायचे, "खनलंय कुनी, म्या का तू?"

आईचं आणखी वेगळं. ती बुट्टीत भाकरी घेऊन यायची आणि बांधावर बसून बोलत राहायची. "आवं, निदान मला तरी सांगायचं हुतं."

"तुला सांगिटलं असतं तर विहिरीवर समद्या बायकांस्नी कळलं असतं."

"बरं झालं की! कुनाच्या तरी ध्येनात ऱ्हायलं असतं."

हे ती रोज म्हणायची, आणि आबांना रोज नव्याने राग यायचा. मला दोघांचं पटायचं आणि दोघांचा वैताग यायचा.

लोक तर बघणारच. पलीकडच्या रानातला म्हातारा आबांचा लहानपणापासूनचा मित्र. तो एके दिवशी बांधावर येऊन टेकला. "काय गड्या, बापलेक मिळून कुस्तीचा हौद खनताय व्हय?"

खरं सांगायची सोय नव्हती. आबा घाम पुसत म्हणाले, "आंबं लावायचं म्हनतोय."

"या मुरमात?"

"पोरगं म्हनतंय. कॉलेजात शिकिवत्यात म्हनं."

म्हाताऱ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी हा भला माणूस ओल्या पोत्यात गुंडाळलेली आंब्याची रोपं घेऊन हजर. "घरची हायती. लावा. लय ग्वाड आंबा हाय." आणि तो गेला नाही. बसून राहिला. आम्हाला आमच्या चुकीच्या खड्ड्यांत, शेणखत घालून, आळी करून, त्याच्या देखत आंबे लावावे लागले. पाणी विहिरीवरून आणायचं होतं. ते मी आणलं. कॉलेजच्या पोराची हौस म्हटल्यावर दुसरं कोण आणणार?

त्या पाण्याच्या खेपा घालताना मला तो कोश आठवत होता. ते शिकारी बर्फातून महिनोन्‌महिने फिरून परत येत आणि आपला खड्डा बरोबर शोधून काढत. कसा काढत, हे कोशात दिलेलं नव्हतं. शब्दाचा जन्म, त्याचे आजे-पणजे, सगळं दिलं होतं, आणि नेमकं मला हवं होतं तेवढंच नव्हतं. कोशावर चिडणं शहाणपणाचं नाही हे मला कळत होतं, तरी मी चिडलो.

तशात आभाळ यायला लागलं. ढग आले की सावलीच नाही. आबा बाभळीखाली तसेच उभे राहायचे, उन्हाची तिरीप कधी पडते याची वाट बघत, आणि ती पडली की घाईने बोट दाखवायचे. पाऊस लागला की मुरमातून पाणी आत झिरपणार आणि सगळी ज्वारी सडणार, हे दोघांनाही माहीत होतं. कॉलेज उघडायला आठवडाही उरला नव्हता. आई आता बोलायची बंद झाली होती, ते जास्त वाईट होतं. एका संध्याकाळी आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा ऱ्हायलं तर ऱ्हायलं. फुडल्या वर्साला जा." पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे मी आमच्या भावकीतल्या दोन मुलांच्या शाळेच्या बाबतीत बघितलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी एकटाच बाभळीखाली बसलो. ऊन पडलं होतं. सावली बुंध्यापाशीच गोळा होऊन, उलट जरा दक्षिणेकडे झुकून पडली होती. आणि मला एकदम शंका आली. आबांनी पेव खणलं ते माघात. थंडीत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या उत्तरेला लांब पडतात. हे आम्हाला शाळेतच शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते आणि तिथेच ठेवून आलो होतो.

आबा आल्यावर मी भीत भीत म्हणालो, "आबा, मला नक्की सांगता येणार नाही, पण माघातली सावली लांब असेल. आणि त्या तिकडे."

आबांनी उत्तरेकडे पाहिलं. मग बाभळीकडे. मग माझ्याकडे.

"आता बापाला सावली शिकीव," ते म्हणाले आणि घरी निघून गेले.

सकाळी मी मळ्यात गेलो तर आबा आधीच तिथे होते. बाभळीच्या उत्तरेला, एकटे, हातात पहार. मी फावडं घेतलं. दोनदा नुसता मुरूम. तिसऱ्यांदा पहारीखालून ढब्ब असा पोकळ आवाज आला. आबा थांबले. पहार तशीच रोवून त्यांनी चंची काढली, पान लावलं, चुना चोळला.

"म्या म्हनलंच हुतं तुला," ते म्हणाले. "बाभळीपासनं लांब न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. पण फरशी निघाल्यावर लगेच उतरायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं, तेही असं की दुखलं. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं. आतली हवा माणसाला गुदमरवते. आबांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला. मग आम्ही बसून राहिलो. आई आली, बसली. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. आभाळ भरत चाललं होतं आणि मी सारखा "आता बघू, आता बघू" करत होतो.

"दोन पोत्यापायी एकुलता एक घालवू व्हय मी?" आबा म्हणाले. सगळ्या सुट्टीत ते माझ्याशी प्रेमाने बोलले ते तेवढंच.

दुपार कलल्यावर कंदील जळत राहिला. कडेची ज्वारी काळी पडली होती, पण पोटातली शाबूत होती. तिला पेवाचा तो आंबूस, डोक्यात जाणारा वास मात्र लागला होता. माझी दोन पोती भरली. आम्ही गाडी जुंपली आणि पोत्यांवर वैरण टाकून सांगलीला नेली.

बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी मूठभर ज्वारी हातात घेऊन नाकाशी नेली. आबांकडे बघितलं. आबांनी आभाळाकडे बघितलं. "घ्या आत," व्यवस्थापक म्हणाले. आबा बाहेर आले तेव्हा गाडीतून सोडलेला बैल टाकतो तसा त्यांनी एक मोठा श्वास टाकला, आणि मला "अभ्यास कर" एवढंसुद्धा न म्हणता निघाले.

मग तो दिवस आला. वर्गासमोर उभा राहून मी शिकारी सांगितले, बर्फ सांगितलं, लॅटिन सांगितलं, दाबण्यातून लपवणं कसं झालं तेही सांगितलं. प्राध्यापक खूश दिसले. ते म्हणाले, "छान. आता आपल्याकडचं उदाहरण?"

सगळ्या वर्गात त्या शब्दाचं माझ्याइतकं चांगलं उदाहरण कुणाकडे असणार? अजून तळहातांचे फोड गेले नव्हते. पण ज्यांच्या हुकमाने लेव्ही वसूल व्हायची त्या मामलेदारांचा पुतण्या वर्गात पहिल्या बाकावर बसला होता.

"आपल्याकडे असं काही नसतं, सर," मी म्हणालो.

"नाही कसं? तुमच्या घरी धान्य कुठे ठेवता?"

"कणगीत, सर. घरातच."

मागून बोर्डिंगातला एक जण हलकेच म्हणाला, "मग भाकरीला वास कुटला रं मारतोय, कनगीचा?" आजूबाजूचे फिसकन हसले. प्राध्यापकांना ते ऐकू आलं की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. "अभ्यास चांगला, निरीक्षण कमी," असं म्हणून त्यांनी मला खाली बसवलं. मी बसलो. काय करणार? बसायला बाक होता, हेच पुष्कळ होतं.

दिवाळीत गावी गेलो तर आंबे जगले होते, त्या मुरमात! पलीकडच्या म्हाताऱ्याने मला बघताच आळी नीट नाहीत म्हणून सुनावलं, आणि सुट्टीभर मी त्यांना पाणी घातलं. आता दर सुट्टीत घालतो. शाळू काढणीला आला तेव्हा मी एका रविवारी मुद्दाम घरी गेलो आणि आबांना एकटे गाठून विचारलं, "आबा, यंदाही पेव करणार असाल तर खूण काय धरणार, एवढं मला सांगून ठेवा."

"केलं की."

"कुठे?"

"हाय."

"अहो, पण खूण काय?"

"सावली न्हाई धरली," आबा म्हणाले. "तू अभ्यासाचं बघ."